गोठ्याचे ऋण

वसुबारसेस सवत्स धेनूची पूजा करून दिवाळीस आरंभ करण्याची आपली रीत आहे. आश्विन वद्य द्वादशीच्या सायंकाळी ल्यूकनमधील आपल्या घरांतून ती अजून पाळली जाते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या गाईपुढे आपण निरांजन ओवाळतो ती पितळेची, चांदीची किंवा कागदावर छापलेली असते. तिला दावे नाही, तिचे शेण काढावे लागत नाही, पहाटे हंबरून ती कोणाची झोप मोडीत नाही. ह्यात कोणाचा दोष आहे असे नव्हे. लिफी नदीकाठच्या ह्या उपनगरात, भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या रांगांत, गाय बांधणार तरी कोठे? तथापि ज्या प्राण्यास आपण माता म्हणतो त्याची निगा राखण्यास लागणारे श्रम आपणांस अपरिचित व्हावेत, आणि काही घरांतून तर ते लाजिरवाणे वाटावेत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे तोच विचार मांडावा अशी माझी इच्छा आहे.

आपल्या सभासंमेलनांतून पूर्वजांविषयी जी भाषणे होतात त्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून मॉरिशसला पोहोचलेल्या पहिल्या छत्तीस मजुरांचा उल्लेख होतो. त्यांच्या मागोमाग कलकत्ता व मद्रासप्रमाणेच मुंबई बंदरातूनही जहाजे सुटू लागली आणि रत्नागिरीकडची मराठी माणसे त्या बेटावर उतरली, हे सांगितले जाते. २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या, पाच वर्षांचा करार, एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा निर्दय नियम, ह्यांचे वर्णन होते. मग वक्ता एकदम मोठी उडी घेतो आणि त्याच मजुरांचे वंशज डॉक्टर, वकील, अभियंते होऊन देशोदेशी गेल्याचे अभिमानाने सांगून खाली बसतो. ह्या दोन दृश्यांच्या मध्ये तीन पिढ्यांचे आयुष्य सांडून जाते. त्या तीन पिढ्यांनी काय केले? कराराने बांधलेला मजूर पदवीधराचा पूर्वज कोणत्या वाटेने झाला? माझे उत्तर असे की, ती वाट गोठ्यातून गेली आहे.

ऊसमळ्यांवरही जनावरे होतीच. ऊस वाहणारे बैल आणि खेचरे मळेवाल्याची असत. मजूर त्यांना वैरण घाली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवी, परंतु त्यांच्यावर त्याची सत्ता नव्हती. जशी ती स्वतःच्या दिवसावरही नव्हती. करार संपल्यावर पैपैसा साठवून ज्याने एक कालवड विकत घेतली, त्याच्या आयुष्यात प्रथमच अशी एक वस्तू आली की जिच्या वाढीचा लाभ दुसऱ्या कोणास जाणार नव्हता. पुष्कळ घरांत जमिनीच्या आधी गाय आली. तिच्यासाठी कुरण नव्हते. तोडणीच्या हंगामात उसाचे वाढे आणि एरवी रस्त्याच्या कडेचे, बांधावरचे गवत एवढाच तिचा चारा. दूध शेजारपाजारी व बाजारात विकले जाई, शेण परसातल्या भाजीला पडे आणि वासरू वाढले म्हणजे ते विकून लग्नकार्य निघे. १८७० नंतरच्या दशकांत साखरेच्या धंद्यास ओढ बसली आणि मळेवाल्यांनी जमिनीचे लहान लहान तुकडे विकावयास काढले. ‘मॉर्सेलमाँ’ ह्या फ्रेंच नावाने हा व्यवहार ओळखला जातो. त्या वेळी एक-दोन एकरांचा तुकडा घेण्यापुरता पैसा ज्या घरांत निघाला, त्यांतील पुष्कळांचा तो दुधाच्या चरवीतून निघाला होता. ही पेढी भक्कम होती असेही नाही. १९०२ च्या सुमारास ‘सुरा’ नावाच्या रोगाने त्या बेटावरील खेचरे, घोडे आणि गुरे मोठ्या संख्येने दगावली, तेव्हा किती कुटुंबांची सारी शिल्लक एका रात्रीत गोठ्यात आडवी पडली असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

मळ्याच्या घंटेने उठणारा माणूस आणि गाईच्या हंबरण्याने उठणारा माणूस, दोघेही अंधारातच उठतात. दोघांचे हात सारखेच राबतात. किंबहुना गाय पाळणाऱ्याचे काम अधिक जाचक, कारण तिला रविवार ठाऊक नसतो. परंतु घंटा वाजविणाऱ्याला उठणाऱ्याचे नावही माहीत नसते आणि गाय मात्र त्याच्या पावलांचा आवाज ओळखते. ज्याला आयुष्यभर हुकूमच ऐकावयाचे होते, त्याच्या वाट्यास गोठ्यात प्रथमच जबाबदारी आली. केव्हा दावे सोडावयाचे, वासराला किती पिऊ द्यावयाचे, कोणती गाय ठेवावयाची आणि कोणती विकावयाची, हे निर्णय त्याचे होते. स्वातंत्र्य हा शब्द आपण ध्वजवंदनाच्या वेळी उच्चारतो. माझ्या मते त्याचा पहिला धडा आपल्या पूर्वजांनी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन गिरविला.

आणि हे स्वातंत्र्य सत्ताधाऱ्यांस खुपत होते, ह्याचाही पुरावा इतिहासात आहे. मॉरिशसमधील १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांस छायाचित्र लावलेले ओळखपत्र बाळगणे भाग पाडले. स्वतःच्या मळईवर भाजी पिकविणारा प्रामाणिक गृहस्थसुद्धा दुसऱ्या जिल्ह्यात परवान्यावाचून सापडला तर भटक्या म्हणून पकडला जाई. ह्या अन्यायाविरुद्ध १८७१ साली आदोल्फ द प्लेविट्झ ह्यांच्या साहाय्याने जो अर्ज करण्यात आला, त्यावर ९,४०१ सह्या होत्या. पुन्हा मळ्यावर करारास यावा म्हणून ज्याचा छळ करावा लागतो, तो माणूस मळ्यावाचून जगू शकतो असाच त्याचा अर्थ होतो. ते जगणे त्याला परसातील वाफ्यांनी, कोंबड्यांनी आणि एका गाईने शक्य करून दिले होते.

ह्या व्यवहाराचा मोठा भाग स्त्रियांच्या हाती होता, हे आपल्या भाषणांतून क्वचितच ऐकू येते. पहाटे गोठा झाडणे, शेण उचलणे, गव्हाणीत वैरण टाकणे, कासेला पाणी लावून वासरू सोडणे, पान्हा फुटला की ते बाजूला ओढून धार काढणे, आंबोण कालवणे, कोंबड्या सोडणे, अंडी मोजून ठेवणे. आणि एवढे झाल्यावर घरच्या माणसांची न्याहरी. दुधाचा व अंड्यांचा पैसा बहुधा घरधनिणीच्या गाठीस राही. मुलांच्या पाट्यापुस्तकांचा खर्च त्या गाठीतून सुटे. म्हणून मी शिक्षिका ह्या नात्याने असे म्हणेन की, आपल्या समाजाची पहिली शिष्यवृत्ती कोणा संस्थेने दिलेली नसून एखाद्या पणजीच्या लुगड्याच्या टोकास बांधलेली होती.

हे चित्र सर्वस्वी गोड आहे असे भासविण्याची माझी इच्छा नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असे आपण म्हणतो. परंतु ज्यांनी त्या खाल्ल्या त्यांस त्या लागतच होत्या. पावसात गोठा गळे, तापाने फणफणलेल्या बाईसही धार काढावीच लागे, भाऊबीजेस माहेरी जावयाचे तर मागे गाईचे कोण पाहणार हा प्रश्न उभा राही. त्याहून कठीण प्रश्न गोऱ्ह्याचा होता. गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि दर खेपेस कालवडच होते असे नाही. विकलेला गोऱ्हा पुढे कोठे गेला, हे पुष्कळ घरांत कोणी विचारीत नसे. ज्या घरांत वसुबारस होई त्याच घरांत हे मौनही होते. गोठ्याचा अभिमान धरावयाचा तर ह्या मौनासह धरला पाहिजे. अन्यथा तो छापील गाईचाच अभिमान ठरेल.

आता कोणी म्हणेल, हे सारे मॉरिशसचे झाले. आयर्लंडमधील ल्यूकनशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो ह्या गावाच्या नावापासून सुरू होतो. ह्याचे आयरिश नाव ‘ल्यूखन’ असे काहीसे उच्चारतात आणि त्याचा अर्थ एल्म वृक्षांची जागा असा सांगतात. परंतु इंग्रजी इतिहासात हे नाव एका उमरावकीस चिकटलेले आहे. ह्या पदवीचा तिसरा धनी, जॉर्ज बिंगहॅम, १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात घोडदळाचा सेनापती होता म्हणून प्रसिद्ध आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यात मात्र त्याची आठवण निराळी आहे. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजून जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीस लागली. त्या काळात ह्या लॉर्ड ल्यूकनने कॅसलबार व बॅलिनरोब भागातील शेकडो कुळांना घरांतून बाहेर काढले आणि त्यांच्या चिमुकल्या शेतांची मोठी कुरणे केली. माणसे गेली आणि गुरे आली. जी गाय लहान शेतकऱ्याच्या दारात त्याचा आधार असते, तीच जमीनदाराच्या हिशेबात त्या शेतकऱ्यास हुसकावण्याचे साधन होते. म्हणून प्रश्न गाईचा जितका, तितकाच दावे कोणाच्या हातात आहे ह्याचा असतो.

त्याच मेयोमधील मायकेल डेव्हिट हा मुलगा १८५० साली, वयाच्या चौथ्या वर्षी, कुटुंबासह घरातून हुसकला गेला आणि इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी कापसाच्या गिरणीत त्याने उजवा हात गमावला. १८७९ साली ह्या एकहाती पुरुषाने ‘लँड लीग’ उभारण्यात पुढाकार घेतला. रास्त खंड, कसण्याची शाश्वती आणि आपला हक्क विकण्याची मोकळीक, ह्या तिच्या मागण्या होत्या. १८८० साली मेयोमध्येच कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्यावर लोकांनी जो बहिष्कार घातला, त्यावरून जगाला एक नवा शब्द मिळाला. १९०५ च्या वंगभंगानंतर लोकमान्य टिळकांनी तोच शब्द चतुःसूत्रीत घेऊन महाराष्ट्रात घरोघर पोहोचविला. पुढे १९०३ च्या कायद्याने आयरिश कुळांना सरकारी कर्जाने जमिनी विकत घेण्याची सोय झाली आणि लहान शेतकरी आपल्या गोठ्याचा धनी झाला.

आपल्या पूर्वजांनी मागे टाकलेल्या कोकणातही हीच कथा घडत होती. तेथे जमीनदाराच्या जागी खोत होता. अलिबाग तालुक्यातील चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांची जमीन न कसण्याचा जो संप पुकारला, तो काही वर्षे चालला. पिकावाचून राहिलेल्या त्या घरांनी लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून दिवस काढले. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ साली तसा कायदा झाला. मेयोचा कूळ, चरीचा कूळ आणि मॉरिशसचा मुक्त मजूर ह्यांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते. परंतु तिघांची मागणी एकच होती: थोडी जमीन, एक गाय, आणि पहाटे आपल्याच कामासाठी उठण्याचा हक्क.

आयरिश भाषा तर ह्या नात्याची साक्ष पदोपदी देते. गाईला त्या भाषेत ‘बो’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या ‘गो’चा सख्खा भाऊ आहे, असे भाषापंडित सांगतात. रस्त्याला ‘बोहर’ म्हणतात, तोही गाईवरूनच. मुलगा ह्या अर्थी जो ‘बूखल’ शब्द आहे त्याचा मूळ अर्थ गुराखी. आपल्याकडे ‘गोठा’ हा शब्द गोष्ठातून आला, आणि ज्या ‘गोष्टी’ आपण मुलांना सांगतो त्यांचे मूळही तेथेच आहे. १ फेब्रुवारीस येथे सेंट ब्रिजिडचा दिवस पाळतात. गाई, दूध व लोणी ह्यांच्याशी तिचे नाव जोडलेले आहे, आणि २०२३ पासून तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टीही मिळू लागली आहे. वसुबारस पाळणाऱ्यास हा दिवस परका वाटण्याचे कारण नाही.

आजचा आयरिश लहान शेतकरीही सुखात लोळत नाही. २०२० च्या कृषिगणनेनुसार ह्या देशात सुमारे १,३५,००० शेते आहेत, आणि त्यांच्या धन्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश ६५ वर्षांवरील आहेत. पुष्कळजण दिवसा नोकरी करून सकाळ-संध्याकाळ गुरांचे पाहतात. हिवाळ्यात गुरे गोठ्यात बंद असतात, त्यांना मुरघास घालावा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाई विऊ लागल्या म्हणजे मध्यरात्री कंदिलाऐवजी विजेची बत्ती घेऊन तेच जागरण चालते, जे आपल्या पणज्यांनी केले. शेवटी तो आपली बहुतेक गुरे मांसासाठी विकतो, हे आपणांस मानवणारे नाही, आणि ते मानवले पाहिजे असे माझे म्हणणे नाही. परंतु गाडीत बसून कुरणाकडे बोट दाखविणाऱ्याने, त्या कुरणात पावसात उभ्या असलेल्या माणसाच्या श्रमांस कमी लेखू नये. एरवी आपण उंटावरून शेळ्या हाकणारे ठरू.

ल्यूकनच्या पश्चिमेस असलेल्या ॲडम्सटाउनचा आराखडा २००३ साली मंजूर झाला. त्यापूर्वी तेथे शेते होती. आज तेथे आपल्यापैकी अनेकांची घरे आहेत. म्हणजे आपल्या दिवाणखान्यांच्या खाली कोणाच्या तरी कुरणाची माती आहे. ह्याच गावच्या शाळांत शिकून मी येथेच शिकवीत आले आहे. मुलांना आजी-आजोबांच्या कामाविषयी निबंध लिहावयास सांगितला म्हणजे एक फरक नेहमी दिसतो. आयरिश मुले आजोबांच्या शेतावरील कोकरांविषयी, चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरविषयी भरभरून लिहितात. आपली मुले ‘व्यवसाय’ एवढाच शब्द लिहून थांबतात. ती लपवितात असे नव्हे. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. त्यांच्या घरी सांगण्यासारखे असते ते पदवीपासून पुढचे.

ह्या मौनाची किंमत आपण दोन ठिकाणी मोजतो. घरात मुलांना पूर्वज केवळ दीनवाणे वाटू लागतात. मार खाणारे, फसविले गेलेले. त्यांचे कौशल्य, हिशेबीपणा, जनावर पाहून त्याचे दुखणे ओळखण्याची त्यांची दृष्टी, ह्यांचा त्यांना पत्ता नसतो. आणि घराबाहेर शेजाऱ्याशी बोलावयास विषय उरत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिन परिसरात भारतीयांवर हल्ले झाले, आणि भारतीय दूतावासास सावधगिरीची सूचना काढावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. हल्लेखोरांचा बंदोबस्त हे पोलिसांचे काम आहे. गाईच्या गोष्टी सांगून ते भागणार नाही. परंतु परकेपणाची जी भिंत भल्या माणसांच्या मध्येही उभी असते, ती पाडणे आपले काम आहे. शेजारच्या वृद्ध बाईंची आई लोणी विकून मुलांना शिकवीत होती आणि आपली पणजी दूध विकून तेच करीत होती, हे दोघींपैकी एकीने तरी बोलून दाखविले पाहिजे.

माझ्या ह्या म्हणण्यावर एक आक्षेप मला माहीत आहे, आणि तो वजनदार आहे. आमच्या आज्याने शेण उचलले ते नातवाने उचलू नये म्हणूनच. मग आता पुन्हा त्याचे गोडवे कशाला? ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण उलटी करूनच आपण वर आलो. हे खरे आहे. ज्याने कष्ट सोसले त्यास विश्रांतीचा हक्क आहे, आणि मुलांनी पुस्तक हाती घ्यावे ह्याहून शिक्षिकेस दुसरे काय हवे? परंतु श्रमातून सुटका होणे आणि श्रमाची लाज वाटणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज्याला आपले शेणाचे हात नातवाने धरू नयेत असे वाटले असेल. त्याने ते विसरावेत असे वाटले नसेल. आणि पाहा, ज्या मॉरिशसमध्ये परसातील गाय घर चालवीत होती, तेथे आज बहुतेक दूध परदेशांतून भुकटीच्या रूपाने येते. गोठे ओस पडले, तशी ते चालविणारी विद्याही जात आहे. पान्हा, आंबोण, वाढे, खरवस हे शब्द ज्यांनी हाताने जगविले ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

म्हणून आपल्या मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली अशी की, दर वर्षी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी मुलांना एखाद्या चालत्या शेतावर न्यावे. डब्लिनमध्येच डंड्रम येथे ओव्हरएंड भगिनींनी लोकांसाठी मागे ठेवलेले एअरफील्ड हे शेत आहे, तेथे जर्सी गाई आहेत. मुलांनी केवळ छायाचित्रे काढू नयेत. कोणी शेतकरी परवानगी देईल तर फावडे हाती घेऊन गोठाही झाडावा. दुसरी सूचना, मॉरिशसमधील व येथील वृद्धांकडून गोठ्याच्या आठवणी, शब्द आणि हिशेब त्यांच्याच बोलीत टिपून घ्यावेत आणि पुढील स्मरणिकेत जाहिरातींची दोन पाने कमी करून ते छापावेत. तिसरी सूचना खर्चाची नाही. ‘गुराखी’, ‘शेणकी’, ‘खेडवळ’ हे शब्द आपण घरात ज्या सुरात उच्चारतो तो सूर बदलावा.

मूर्तीची पूजा करण्यास माझा विरोध नाही. माझ्याही देव्हाऱ्यात पितळी गाय आहे. परंतु येत्या वसुबारसेस तिच्यापुढे दिवा लावताना मुलांना एवढे तरी सांगावे की, हिची एक बहीण कोणे एके काळी आपल्या दारात उभी होती, तिचे शेण आपण काढीत होतो, आणि त्याच हातांनी आपण मोकळे झालो. पूजेस लागणारे साहित्य प्रत्येक घरी आहे. ही गोष्ट सांगणारी माणसे मात्र थोडी उरली आहेत. तेव्हा ह्या दिवाळीतच त्यांच्यापाशी जाऊन बसावे.